डीजेची लायब्ररी लावायची कशी: हळद, वरात, विसर्जन सगळं एकाच लॅपटॉपमधे

सीझन तोंडावर आला की सगळे बेस, टॉप (जाड आणि बारीक आवाजाचे स्पीकर), अॅम्प, जनरेटर ह्यांच्या मागं असतात आणि लॅपटॉपमधली गाणी मात्र जशी डाउनलोड झाली तशीच पडलेली. डाउनलोड्समधे पाचशे, डेस्कटॉपवर 'न्यू', 'न्यू न्यू', 'गणपती फायनल' असले फोल्डर आणि वर एक पेनड्राइव्ह ज्यात काय आहे ते कोणालाच माहीत नाही. घरी बसून शोधायला हे चालून जातं. पण वरात मंडपाच्या दारात अडलीय, नवऱ्याचा मामा टेम्पोवर चढून कानात ओरडतोय "ते लाव ना ते" आणि चालू गाणं संपायला वीस सेकंद राहिलीत, तेव्हा नाही चालत. म्हणून मोजमाप एकच ठेवा, कुठलंही गाणं दहा सेकंदात सापडलं पाहिजे, पुढे जे काही लिहिलंय ते सगळं त्या दहा सेकंदांसाठी आहे.

हे मी लग्न, हळद, मिरवणूक, गरबा असं मिक्स काम करणाऱ्यांसाठी लिहितोय, क्लबमधे फक्त टेक्नो वाजवणाऱ्याला यातलं निम्मं लागणार नाही. सॉफ्टवेअर कुठलंही असो, रेकॉर्डबॉक्स, सेराटो, व्हर्च्युअल डीजे, ट्रॅक्टर, पद्धत तीच, फक्त बटणांची नावं बदलतात.

पहिलं काम: सगळी गाणी एका छपराखाली

एक एक्सटर्नल एसएसडी घ्या, त्यावर एकच मोठा फोल्डर करा आणि जिथं जिथं गाणी पडलीत तिथून सगळी आधी तिथं कॉपी करा. मूव्ह नका करू, कॉपीच करा, जुनं सगळं नीट झाल्याशिवाय उडवायचं नाही. जागेचं टेन्शन घेऊ नका, ३२० केबीपीएसचं एमपीथ्री मिनिटाला साधारण २.४ एमबी खातं, म्हणजे चार मिनिटांचं गाणं साडेनऊ-दहा एमबी, पाच हजार गाणी पन्नास जीबीच्या आत बसतात. वेव्ह फाइल मिनिटाला दहा एमबी जाते, पण पाच हजार वेव्ह आपल्याकडं कोणाकडं असतात?

त्या मोठ्या फोल्डरच्या आत जास्त कप्पे करू नका. मराठी, हिंदी, पंजाबी, गुजराती गरबा, इंग्लिश, इन्स्ट्रुमेंटल, आणि एक 'इनबॉक्स', बास. हळद आणि वरात असे फोल्डर करायचा मोह होतो पण तिथंच पुढचा सगळा घोळ सुरू होतो, कारण एकच गाणं हळदीत पण वाजतं, वरातीत पण वाजतं आणि विसर्जनाला पण वाजतं, मग तीन फोल्डरमधे तीन कॉप्या होतात, एका कॉपीला क्यू (गाण्यात थेट उडी मारायच्या खुणा) लावलेत, दुसरीचा बीपीएम (मिनिटाला किती ठोके तो आकडा) चुकलाय, तिसरी कुठून आली माहीत नाही, आणि ऐनवेळी हाताला नेमकी चुकीची लागते. फाइल एकाच जागी, लिस्टा कितीही. हा नियम पाळला की निम्मं काम झालं.

विंडोजवाल्यांनी इथंच दोन गोष्टी करून टाका. एक, डिस्क मॅनेजमेंटमधे जाऊन त्या एसएसडीला स्वतःचं पक्कं ड्राइव्ह लेटर द्या, एम किंवा एस असं मागचं काहीतरी, कारण दुसरा पेनड्राइव्ह आधी लावला की विंडोज कधी कधी लेटर बदलतं आणि सॉफ्टवेअरमधे सगळ्या गाण्यांपुढं उद्गारचिन्हं येतात, गाणी जागेवर असतात फक्त पत्ता बदललेला असतो. दोन, वनड्राइव्ह बंद करा किंवा म्युझिक आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर त्यातून बाहेर काढा. ते जागा वाचवायला फाइल ऑनलाइन नेऊन ठेवतं, आणि शेतात लावलेल्या मंडपात नेट कुठून आणणार.

कचरा काढणे

हे सगळ्यात कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त फायदा इथंच आहे. आपल्याकडं गाणी येतात कुठून तर ग्रुपवरून, दुसऱ्या ऑपरेटरच्या पेनड्राइव्हमधून आणि व्हिडिओवरून कन्व्हर्ट करून. व्हिडिओवरून काढलेलं गाणं तुम्ही कन्व्हर्टरमधे ३२० सिलेक्ट केलं तरी ३२० होत नाही, मूळ आवाजातून जे उडालंय ते परत येत नाही, फक्त फाइल जाड होते. घरच्या स्पीकरवर कळत नाही, पण चार टॉपवर हाय एकदम पत्र्यासारखा लागतो आणि शेजारच्या मंडळाचं गाणं आपल्यापेक्षा 'खुलं' का वाटतंय ते समजत नाही.

तपासायला स्पेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, फाइल त्यात टाकली की रंगीत चित्र येतं. खरं ३२० असेल तर रंग साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत वर जातो, १२८ वरून फुगवलेलं असेल तर १६ किलोहर्ट्झच्या आसपास कात्रीनं कापल्यासारखी सरळ रेघ दिसते. सगळी लायब्ररी अशी बघत बसू नका, वेड लागेल. जी गाणी प्रत्येक ऑर्डरला (घेतलेल्या कार्यक्रमाला) वाजतात तेवढीच बघा आणि त्यातली जी खोटी निघतील ती विकत घ्या. आयट्यून्स स्टोअर, बँडकॅम्प, बीटपोर्ट अशा ठिकाणी गाणं फाइल म्हणून मिळतं. गाणी ऐकायच्या अॅपमधे ऑफलाइन डाउनलोड केलेली गाणी मात्र लॉक असतात, त्या फाइल उचलून डीजे सॉफ्टवेअरमधे टाकता येत नाहीत, त्यात वेळ घालवू नका.

लोकल रिमिक्सचं वेगळं दुखणं. एकाच हळदीच्या गाण्याचं हलगी मिक्स, संबळ मिक्स, नाशिक ढोल मिक्स, साउंड चेक, डायलॉग मिक्स, शिवाय ह्या सगळ्यांवर दुसऱ्याच डीजेच्या नावाचा टॅग दर तीस सेकंदाला. आपल्या ऑर्डरमधे दुसऱ्याचं नाव भोंग्यावरून गावभर वाजवायचं का हे तुमचं तुम्ही ठरवा, मी तरी ज्याला टॅग फक्त सुरुवातीला आहे ते ठेवतो आणि क्यू टॅगच्या पुढं लावतो, मधेमधे टॅग असलेलं उडवतो. एका गाण्याची जास्तीत जास्त तीन वर्जन ठेवा, ओरिजिनल, एक ढोल-हलगीवालं आणि एक जोरदार. सात ठेवली तर सातातली कुठली चांगली हे वाजवताना आठवत नाही.

डुप्लिकेट शोधायला ड्यूपगुरूमधे म्युझिकसाठी वेगळा मोड आहे. एकच काळजी, त्यानं दाखवलेलं डोळे झाकून डिलीट मारू नका, ज्या कॉपीला क्यू लावलेत ती सॉफ्टवेअरमधे बघून ठेवा आणि दुसरी काढा.

नावं आणि टॅग

व्हॉट्सअॅपवरून ऑडिओ म्हणून आलेल्या फाइलचं नाव ऑड, तारीख, डब्ल्यूए आणि चार आकडे असं असतं. तीनशे फाइल अशा असतील तर त्यात गाणं शोधणं म्हणजे लॉटरीच. मित्राला सांगून ठेवा की पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव, मग नाव तसंच राहतं. आणि साइटवरून आलेल्या फाइलला नावाच्या आधी साइटचं नाव, मागं ३२०केबीपीएस, मधे सतरा अंडरस्कोअर.

यासाठी एमपीथ्रीटॅग वापरा, विंडोजवर फुकट आहे. पाचशे फाइल एकदम सिलेक्ट करायच्या, साइटचं नाव रिप्लेसमधे टाकून रिकामं करायचं, अंडरस्कोअरच्या जागी स्पेस, संपलं, पाच मिनिटांचं काम. सॉफ्टवेअर शोधताना फाइलच्या नावापेक्षा आतले टॅग (फाइलच्या आत लिहिलेली गाण्याची माहिती) बघतं, म्हणून टायटल, आर्टिस्ट, अल्बम, जॉनर, कॉमेंट हे पाच रकाने तरी भरा. वेव्ह फाइलमधे टॅगचा भरवसा नसतो, एका सॉफ्टवेअरला दिसतात दुसऱ्याला दिसत नाहीत, म्हणून लॉसलेसच (आवाजातलं काही न उडवलेलं) ठेवायचं असेल तर एआयएफएफ बरं. फ्लॅक, तो पण लॉसलेसच, लॅपटॉपवर चालतं पण जुन्या सीडीजे (लॅपटॉपशिवाय पेनड्राइव्हवरून वाजवायचा डीजेचा प्लेअर) वर चालत नाही.

आर्टिस्टमधे गायक लिहायचा की संगीतकार, यावर वाद घालण्यात अर्थ नाही, एक ठरवा आणि शेवटपर्यंत तेच. मी गायक लिहितो, अल्बममधे पिक्चरचं नाव, आणि वर्जन टायटलच्या शेवटी, 'हलगी' किंवा 'ओरिजिनल' असं एका शब्दात.

आता कॉमेंटचा रकाना. हा बहुतेक जण रिकामा सोडतात नाहीतर त्यात डाउनलोड साइटची जाहिरात पडलेली असते. आपल्याकडं गाणं मागणारा माणूस टायटल सांगतच नाही. तो हीरोचं नाव सांगतो, पिक्चर सांगतो, मुखड्याचे चुकीचे दोन शब्द सांगतो, नाहीतर नाचून स्टेप दाखवतो. म्हणून कॉमेंटमधे ते सगळं लिहा ज्यानं लोक ते गाणं ओळखतात: हीरो-हिरोईन, मुखड्याचे शब्द, मधल्या कडव्याचे फेमस शब्द, रीलवर गाजलं असेल तर त्या रीलची ओळख. सर्च कॉमेंटमधे पण बघतो ना हे सेटिंगमधे एकदा तपासा, मग मामानं काहीही बरळलं तरी गाणं सापडतं.

स्पेलिंगचा नियम पण करा. टॅग आणि फाइलची नावं इंग्रजी अक्षरातच ठेवा, कारण बऱ्याच प्लेअरच्या स्क्रीनवर देवनागरीचे चौकोन दिसतात आणि अंधारात कीबोर्डवर मराठी टाइप करणं कोणाला जमत नाही. मग गणपतीमधे पी च्या आधी ए आहे की नाही, वरात व्ही ने की डब्ल्यू ने, हे एकदा ठरवून टाका. माझं सोपं आहे, डबल ए कधीच नाही, 'व' ला कायम व्ही, 'ळ' ला एल. जुन्या गाण्यांना हे लावायला एमपीथ्रीटॅगमधलं रिप्लेस आहेच.

बीपीएम आणि ग्रिड, मशीनवर सोडू नका

सगळी गाणी रात्रभर अॅनालाइजला लावा, सकाळी होऊन जातात. पण सॉफ्टवेअर इलेक्ट्रॉनिक गाण्यांसाठी शिकलेलं आहे, आपलं म्युझिक त्याला नीट कळत नाही, तीन ठिकाणी हमखास चुकतं.

पहिलं, डबल नाहीतर अर्धा. ७० चं गाणं १४० दाखवतं किंवा १५० चं ७५. यावर बीपीएम रेंजची सेटिंग असते ती लावा आणि मग लिस्ट बीपीएमनं सॉर्ट करून सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची गाणी तेवढी कानानं तपासा, चुकलेली तिथंच गोळा झालेली असतात, एका क्लिकवर डबल किंवा अर्धं करता येतं.

दुसरं, सहाच्या ठेक्याची गाणी. बरीच कोळीगीतं, हींच ठेक्यावरचा गरबा, काही लावण्या. सॉफ्टवेअर सगळं चारात मोजतं, त्यामुळं पाय ९० ला पडत असतो आणि स्क्रीनवर १३५ लिहिलेलं असतं, म्हणजे बरोबर दीडपट. हे डबल-अर्धा केल्यानं सुटत नाही. टॅप बटणावर पायाच्या ठोक्यानं टॅप करायचं, आलेला आकडा टाकायचा आणि ग्रिड (स्क्रीनवर ठोक्यांच्या रेघा) पहिल्या ठोक्यावर ओढायचा. शिवाय कॉमेंटमधे 'सहा' असं लिहून ठेवा, कारण सहाच्या गाण्यावरून चाराच्या गाण्यावर सिंक (दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं बटण) दाबून गेलात की आकडे जुळतात पण पाय अडखळतात. नाचणारा थांबतो आणि तुमच्याकडं बघतो. तिथं एक ढोलाचा ब्रेक किंवा एको टाकून कट मारणं हाच मार्ग.

तिसरं, जुनी गाणी. माणसांनी बसून वाजवलेली, क्लिकवर (मशीनच्या ठोक्यावर) नाही, त्यामुळं लय मधे थोडी पळते थोडी रेंगाळते. रेकॉर्डबॉक्समधे अशा गाण्याला डायनॅमिक अॅनालिसिस लावा, फक्त त्याच गाण्याला, सगळ्या लायब्ररीला नको. ग्रिड नीट बसला की अॅनालिसिस लॉक करा नाहीतर पुढच्या वेळी चुकून परत अॅनालाइज झालं की सगळी मेहनत पाण्यात.

की मॅचिंग, म्हणजे पट्टी जुळणारी गाणी एकामागोमाग लावायचं ते ८ए, ८बी वालं कॅमेलॉट चक्र, त्याबद्दल मी थोडक्यातच सांगतो. ८ए वरून ८बी, ७ए किंवा ९ए ला गेलं की सूर भांडत नाहीत, संगीत आणि रिसेप्शनला हळू मिक्स करताना उपयोगाचं आहे. वरातीत ढोलावर कट मारत जायचं असेल तर त्यात डोकं घालू नका.

क्यू लावणे

सगळ्या गाण्यांना क्यू लावायच्या भानगडीत पडू नका, रोज वाजणारी दोनशे-तीनशे घ्या. जागा मात्र सगळीकडं सारख्या पाहिजेत, म्हणजे हाताला सवय लागते. माझ्याकडं पहिला क्यू जिथं ठेका सुरू होतो तिथं, दुसरा मुखड्यावर, तिसरा ड्रॉपवर (जिथं ठेका एकदम जोरात पडतो तिथं), चौथा जिथून बाहेर पडायचं तिथं. पहिला 'ठेका सुरू होतो तिथं' असं मुद्दाम म्हणतोय, फाइलच्या सुरुवातीला नाही. आपल्या गाण्यांना आधी डायलॉग, आलाप, तुतारी, घोषणा असं चाळीस चाळीस सेकंद चालतं. एन्ट्रीला ते पाहिजे असतं, चालू नाचात नको असतं, म्हणून एन्ट्रीच्या गाण्यांना आणखी एक पाचवा क्यू अगदी सुरुवातीला वेगळ्या रंगाचा.

स्टार, रंग, लिस्टा

स्टार म्हणजे गाणं मला किती आवडतं ते नाही, गाण्यात जोर किती आहे ते. एक स्टार जेवणाच्या पंगतीला, दोन पाहुणे येत असताना, तीन बायका-पोरं नाचायला लागतात तेव्हा, चार पोरांचा घोळका झाल्यावर, पाच मंडपाच्या दारात. पाच स्टारची गाणी फार झाली असतील तर तुम्ही फसवताय स्वतःला, परत ऐका.

रंग मी एकाच कामाला वापरतो. लाल म्हणजे विचार करून लाव: डबल मीनिंग, शिव्या, किंवा असे शब्द ज्यावरून दोन गटात राडा होईल. घरच्या कार्यक्रमात लाल गाणं आपणहून लावायचं नाही, यजमानानं सांगितलं तरी एकदा विचारून घ्यायचं.

आता लिस्टा. इथं हळद, वरात, एन्ट्री, संगीत, रिसेप्शन, आगमन, विसर्जन, दहीहंडी, गरबा, थर्टी फर्स्ट सगळं करा. एकच गाणं पाच लिस्टमधे टाका, फाइल एकच असल्यामुळं क्यू सगळीकडं तेच दिसतात. प्रत्येक लिस्ट साठ-सत्तर गाण्यांच्या पुढं जाऊ देऊ नका, चार तासात तुम्ही तेवढीच वाजवता, बाकी सर्चवर आहेतच.

शिवजयंती १९ फेब्रुवारी आणि आंबेडकर जयंती १४ एप्रिल, ह्या दोन्हीच्या लिस्टा एकदम स्वतंत्र ठेवा आणि मिरवणुकीत ऑटोप्ले फक्त त्याच लिस्टवर. भीमगीतांच्या मधे चुकून एखादं आयटम साँग लागणं ही तांत्रिक चूक म्हणून कोणी सोडून देत नाही आणि सोडू पण नये.

एक लिस्ट जी फार कमी जणांकडं असते: 'दहाच्या आधी'. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगे बंद, सणाच्या ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट असते ती जिल्ह्याची यादी बघून घ्यायची. लोकांना पावणेदहालाच अंगात येतं आणि नऊ पंचावन्नला पोलिसांची गाडी येऊन उभी राहते. म्हणून साडेनऊनंतरची दहा-बारा गाणी आधीच क्रमानं लावून ठेवा, सगळ्यात मोठं गाणं नऊ पंचेचाळीसला वाजून गेलं पाहिजे, आणि शेवटचं असं पाहिजे की जे संपल्यावर लोक घरी जातात, 'अजून एक'चा गोंधळ होत नाही.

हातानं लिस्टा भरायचा कंटाळा असेल तर नियमानं भरणाऱ्या लिस्टा आहेत, रेकॉर्डबॉक्समधे इंटेलिजेंट प्लेलिस्ट, सेराटोत स्मार्ट क्रेट, व्हर्च्युअल डीजेत फिल्टर फोल्डर. उदाहरण: जॉनर मराठी, स्टार चार किंवा वर, बीपीएम १०० ते १३०, लाल रंग नाही. टॅग नीट असतील तर जादू वाटते, टॅग अर्धवट असतील तर चांगली गाणी गायब होतात, म्हणून हे शेवटी.

इनबॉक्सची शिस्त

नवीन गाणं थेट मुख्य फोल्डरमधे टाकायचं नाही. आधी इनबॉक्स. आठवड्यातून एकदा, ऑर्डर नसलेल्या दिवशी, इनबॉक्समधलं प्रत्येक गाणं पूर्ण ऐकायचं, क्वालिटी, टॅग, बीपीएम, स्टार, लिस्ट, मग आत. ऐकलं नाही ते आत नाही. ऐन ऑर्डरच्या सकाळी ग्रुपवर पडलेलं नवीन रिमिक्स इनबॉक्समधूनच वाजवा, पण मधे बंद पडणारी अर्धवट डाउनलोड फाइल नाही ना हे शेवटपर्यंत ओढून बघून मगच.

आणि एकदा गाणी सॉफ्टवेअरमधे आली की विंडोजमधून त्यांची जागा किंवा फाइलचं नाव बदलू नका, सॉफ्टवेअरला पत्ता सापडत नाही. झालंच असेल तर सेराटोत रिलोकेट लॉस्ट फाइल्स आहे, रेकॉर्डबॉक्समधे हरवलेल्या फाइल दाखवून रिलोकेट करता येतं. म्हणून क्रम असा: आधी नावं आणि टॅग, मग इम्पोर्ट.

बॅकअप आणि पेनड्राइव्ह

गाणी परत मिळतील, क्यू आणि लिस्टा नाही मिळणार. त्या बहुतेक करून डेटाबेसमधे असतात. रेकॉर्डबॉक्समधे फाइल मेनूत लायब्ररी बॅकअप आहे, सेराटो क्यू गाण्याच्या फाइलमधेच लिहितं, पण त्याच्या लिस्टा आणि डेटाबेस अंडरस्कोअर सेराटो अंडरस्कोअर नावाच्या फोल्डरमधे असतात, आणि तो एक्सटर्नल ड्राइव्हवर पण वेगळा असतो, दोन्ही कॉपी करा. ट्रॅक्टरची कलेक्शन फाइल पण कॉपी करा, आणि व्हर्च्युअल डीजेची डेटाबेस फाइल पण, ती प्रत्येक ड्राइव्हवर वेगळी असते. एसएसडीची एक कॉपी घरी दुसऱ्या हार्डडिस्कवर, आणि ती हार्डडिस्क ऑर्डरला नेऊ नका, एकाच बॅगेत दोन्ही ठेवले आणि बॅग भिजली तर बॅकअप कसला.

हॉलमधे किंवा हॉटेलात त्यांच्या सीडीजेवर वाजवायचं असेल तर पेनड्राइव्ह एफएटी३२ मधे फॉरमॅट करा, एनटीएफएस ते प्लेअर वाचत नाहीत. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वर एफएटी३२ चा पर्याय बऱ्याचदा दिसत नाही, त्यासाठी वेगळं छोटं टूल लागतं. गाणी ड्रॅग करून टाकू नका, रेकॉर्डबॉक्समधून एक्सपोर्टच करा, तरच क्यू, ग्रिड, लिस्टा सोबत जातात. इजेक्ट न करता ओढून काढू नका. आणि एकसारखे दोन पेनड्राइव्ह करा, एक खिशात, एक सहकाऱ्याकडं.

सीझनच्या आठवडाभर आधी विंडोज अपडेट आणि सॉफ्टवेअर अपडेट दोन्ही थांबवा, बॅकअप घ्या, लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू करा, नेट काढा आणि प्रत्येक लिस्टमधलं पहिलं, मधलं आणि शेवटचं गाणं डेकवर टाकून बघा. ज्याच्यापुढं उद्गारचिन्ह आलं ते त्याच दिवशी रिलोकेट करून टाका.